अवोरियनमध्ये काठापासून बॅरियरपर्यंत, आकड्यांच्या आधाराने

अवोरियन हा अंतराळात जहाज बांधून फिरायचा कॉम्प्युटर गेम. त्यातली आकाशगंगा म्हणजे साधारण १००० गुणिले १००० सेक्टरांचा, म्हणजे नकाशावरच्या घरांचा, चौरस. प्रत्येक सेक्टरला दोन आकडे, मधोमध (० : ०), आणि तिथून चारही बाजूंना ५०० च्या आसपास. नवा खेळाडू काठाजवळ सुरुवात करतो आणि मोलाचं जे काही आहे ते मध्याकडे. नकाशावरचे ठिपके बघत एका सेक्टरातून दुसऱ्यात एकेक उडी मारत गेलं तरी पोचता येतं. आम्ही रत्नागिरी-हर्णै पट्ट्यातली मंडळी मात्र एकाच सर्व्हरवर खेळतो आणि सगळा प्रवास आकड्यांवर करतो. ती पद्धत अनुभवातून पक्की झालेली आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गणित हाताशी असू द्या: मध्यापासूनचं अंतर. दोन्ही आकड्यांचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं. (-३८४ : ११२) घ्या. १,४७,४५६ अधिक १२,५४४ म्हणजे १,६०,०००, अंतर ४००. हे अंतर कळलं की सेक्टरची निम्मी कुंडली कळते. शत्रू किती दणकट असतील, दुकानात कुठल्या दर्जाच्या तोफा मिळतील, लघुग्रहांत कुठला धातू सापडेल, हे सगळं याच एका अंतरावर ठरतं. धातूंचा क्रम काठाकडून आत असा: लोखंड, टायटॅनियम, नॅओनाइट, ट्रिनियम, झॅनियन, ओगोनाइट आणि शेवटी गेमच्याच नावाचा अवोरियन. मध्यापासून सुमारे १५० अंतरावर बॅरियरचं कडं आहे, ते साध्या उडीने ओलांडता येत नाही. म्हणजे काठावरून निघालेल्याचं पहिलं मोठं ध्येय १५० च्या जरा बाहेर पोचणं.

आता उडीचा पल्ला, म्हणजे एका उडीत जहाज किती सेक्टर लांब जाऊ शकतं ते. जहाजाचा पल्ला ८ असेल तर लोक आडवे ८ आणि उभे ८ धरून बसतात, आणि मग तिरकी उडी का नाकारली जाते ते कळत नाही. पल्ला सरळ रेषेत मोजला जातो. वर्गमूळाच्या भानगडीत न पडता पल्ल्याचा वर्ग लक्षात ठेवा: ८ चा ६४. आडवी ६, उभी ५ म्हणजे ३६ अधिक २५, ६१, चालेल. आडवी ७, उभी ३ म्हणजे ५८, चालेल. आडवी ७, उभी ४ म्हणजे ६५, एकाने गेली. ही ७-४ ची उडी नव्या माणसाला हमखास फसवते, कारण नकाशावर ती ८ सरळ जाण्यापेक्षा जवळची दिसते.

वरच्या (-३८४ : ११२) वरून मध्याकडे निघायचं तर दोन आकड्यांचं प्रमाण २४ ला ७. त्याच्या सगळ्यात जवळची आणि पल्ल्यात बसणारी उडी ७-२. प्रत्येक वेळी पहिला आकडा ७ ने मध्याकडे, दुसरा २ ने. अशा ३४ उड्यांनंतर तुम्ही (-१४६ : ४४) वर असता, म्हणजे १५२ च्या थोडं पुढे. बॅरियर अगदी नाकासमोर. पल्ला १२ असेल तर ११-३ ची उडी बसते (१३० होतात, मर्यादा १४४ ची) आणि २१ उड्यांत (-१५३ : ४९) येतं, अंतर सुमारे १६१. बाविसावी उडी कड्याच्या आत पडायला बघते, म्हणून तिथून पुढे लहान उड्या. पल्ला वाढवायला जहाजात हायपरस्पेसचा (उडी मारणाऱ्या यंत्रणेचा) कोअर घाला किंवा हायपरस्पेसचं अपग्रेड बसवा. माझ्या मते तोफांच्या आधी यावर खर्च करावा.

एकच उडी पुन्हा पुन्हा मारण्याचा आणखी एक फायदा आहे. नकाशात सेक्टर निवडला की गणना सुरू होते, जहाजाचं नाक त्या दिशेला वळवावं लागतं आणि मग बूस्ट दिला की उडी लागते. जड मालवाहू जहाज वळायला फार वेळ घेतं. दिशा तीच राहिली तर नाक आधीच तिकडे असतं, वळण्यात काही जात नाही. समोर लघुग्रह किंवा स्टेशन आलं तर मार्ग अडल्याचा संदेश येतो. तेव्हा दिशा बदलू नका, जहाज थोडं बाजूला सरकवा आणि पुन्हा त्याच रोखाने धरा. उडीनंतर हायपरस्पेस पुन्हा भरायला ऊर्जा लागते. जनरेटर तोकडे असतील आणि त्यातच शील्डही (जहाजाचं संरक्षक कवच) भरत असेल, तर थांबणं लांबतं. म्हणून उडी शक्यतो बिनठिपक्याच्या, रिकाम्या सेक्टरात पाडायची. तिथे बहुधा कोणी त्रास द्यायला नसतं. हिरवा ठिपका म्हणजे वस्ती, तिथे व्यापार, दुरुस्ती, बहुतेकदा गेट, म्हणजे दुसऱ्या सेक्टरात थेट नेणारं दार. पिवळा ठिपका म्हणजे लपलेलं काहीतरी: लघुग्रहांचं रान असेल, मोडकी जहाजं असतील, नाहीतर समुद्री चाच्यांचे अंतराळातले भाऊबंद असतील. हायपरस्पेस भरत असताना पिवळ्यात शिरू नये, पूर्ण भरल्यावर शिरावं.

रिफ्ट मात्र गणित मोडतात. नकाशावरचे हे काळे पट्टे असतात आणि साधी उडी त्यांच्यावरून जात नाही, दोन टोकं पल्ल्यात असली तरी. अशा वेळी पट्ट्याच्या बाजूने चालत राहायचं, आणि प्रत्येक उडीनंतर मध्यापासूनचं अंतर पुन्हा काढायचं. कधी कधी वळसा घेताना अंतर ३२० वरून ३३० होतं. हरकत नाही, पण ते माहीत हवं. गेट किंवा वर्महोल (दूरच्या सेक्टरात नेणारा बोगदा) सापडलं तर पट्टा ओलांडता येतो. गेटला पैसे पडतात, तरी मी देतो.

सलग आत घुसण्यात अर्थ नाही, हेही सांगतो. नॅओनाइट मिळायला लागलं की थांबून शील्ड जनरेटर बसवा. शील्डशिवाय ३०० च्या आत जाणं म्हणजे जहाज मोडीत काढणं. धातू बदलला की जहाज त्या धातूत नव्याने बांधायचं, मग पुढचं कडं.

एकत्र खेळताना खरी अडचण आकडे सांगण्यात येते. पावसात नेटवर्क तुटक असतं, आवाज अर्धवट येतो आणि ‘उणे’ गळून पडतं. (-२१० : ८८) ऐवजी माणूस (२१० : ८८) कडे निघाला तर तो आकाशगंगेच्या दुसऱ्या अंगाला, ४२० सेक्टर लांब. गंमत म्हणजे मध्यापासूनचं अंतर दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे धातू आणि शत्रू बघून त्याला संशयही येत नाही. आमच्याकडे आता ठरलेलं आहे: आधी चिन्ह, मग एकेक अंक. “उणे, दोन-एक-शून्य. अधिक, आठ-आठ.” ऐकणारा तेच परत म्हणतो, आणि शेवटी अंतर सांगतो: “दोनशे अठ्ठावीसच्या आत ना, दादा?” जुळलं तरच निघायचं. सदतीस, सत्तेचाळीस असे पूर्ण आकडे फोनवर कोणी बोलत नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला तांडेल (होडीचा प्रमुख) जाळी अडकवणाऱ्या खडकांचे पॉइंट जसे जीपीएसमध्ये जपतो, तशी आम्ही एक वही ठेवतो. नकाशावर सेक्टरला नोंद जोडता येते, तीही करतो. पण वही लागतेच. वीज गेली की सर्व्हर बसतो, पुन्हा सुरू केल्यावर सगळे शेवटच्या सेव्हवर, काही मिनिटं मागे. तेवढ्यात सापडलेलं सेक्टर नकाशावरून पुसलं जाऊ शकतं, वहीतून नाही. तीन रकाने पुरतात: आकडे चिन्हासकट, अंतर, काय आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होडीवरची पोरंही खेळायला येतात, आणि त्यांच्या नोंदी सगळ्यात स्वच्छ असतात. सर्व्हर ज्या घरी आहे तिथे यूपीएस घेतलाय. शिवाय खेळाडू जितक्या वेगवेगळ्या सेक्टरांत पसरतात तितका सर्व्हरवर भार वाढतो, म्हणून साध्या मशीनवर चौघांनी एकाच सेक्टरात राहून खणलेलं बरं.

बॅरियर ओलांडायला झॉटान या गेममधल्या परग्रहवासीयांच्या आठ कलाकृती जमवाव्या लागतात आणि आठ लघुग्रहांचं वर्तुळ असलेलं सेक्टर शोधावं लागतं. ते कड्याच्या बाहेरच्या अंगाला असतं. अशी सेक्टरं एकापेक्षा जास्त आहेत, तेव्हा १५० ते १६० अंतराच्या पट्ट्यातला प्रत्येक पिवळा ठिपका वहीत नोंदवत चला. तिथे उघडणारं वर्महोल कायमचं नसतं. सगळी जहाजं आधी त्याच सेक्टरात, हायपरस्पेस भरलेली आणि नाकं मधल्या जागेकडे वळवलेली हवीत. आत पोचल्यावर पहिलं काम अवोरियन खणायचं आणि त्याचा हायपरस्पेस कोअर बांधायचा, कारण रिफ्टवरून उडी मारण्याची ताकद त्यातच आहे आणि परतीची वाट त्यावर अवलंबून असते.