हळदीचं विचारलंत म्हणून

"ताई, हळदीने कॅन्सर बरा होतो ना? तुम्हीच तर त्यावर पीएचडी केलीय."

लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारच्या सीटवर, सोसायटीच्या मीटिंगनंतर जिन्यात, गेली पंधरा वर्षं हा प्रश्न मला गाठतो. "नाही" म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे तुम्ही औषध कंपन्यांच्या बाजूच्या?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते. सगळं म्हणजे मामीचंही.

मी सांगलीची. वडील हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या पिवळ्या असायच्या आणि आई त्या साबणाने घासायला लागली की डाग आधी लालभडक व्हायचा. तो रंग बदलणारा पदार्थ म्हणजे कर्क्युमिन, हे मला बारावीत कळलं आणि पुण्याला संशोधनाला गेल्यावर मी तोच विषय मागून घेतला. माझ्या मनात हळदीबद्दल आकस आहे असं कोणी म्हटलं की म्हणूनच फार लागतं.

प्रयोग असा होता. एमसीएफ-7 नावाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवतात. 1970 साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका ख्रिस्ती जोगिणीच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून त्या घेतलेल्या आहेत. शहाण्णव खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये मी त्या पेशी पेरायचे आणि त्यांवर कर्क्युमिन सोडायचे. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून घ्यायचं. वीस मायक्रोमोलर (द्रावण किती दाट आहे ते मोजायचं माप) टाकलं की दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या, तरंगणाऱ्या दिसायच्या. मेलेल्या. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी प्रयोगशाळेतून थेट घरी फोन लावला होता.

2009 साली गावाकडच्या एका पेपरचा बातमीदार आला. मी त्याला सांगितलं, "हळदीतल्या घटकाने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मरतात." वाक्य खरं होतं. छापून आलं ते असं की सांगलीच्या मुलीला कर्करोगावर हळदीचं औषध सापडलं. सोबत माझा फोटो. मी बातमीदाराला फोन करून दुरुस्ती मागितली नाही. वडिलांनी कात्रणाच्या झेरॉक्स काढून सगळ्या नातेवाइकांना वाटल्या, तेव्हाही गप्प बसले. मला छान वाटत होतं.

पुढच्या मार्चमध्ये मिरजेजवळच्या गावी राहणाऱ्या माझ्या मामीला छातीत सुपारीएवढी गाठ लागली. तपासणीत कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. हे मला कोणी कळवलंच नाही. "तिचा अभ्यास चालू आहे, तिला घोर नको," असं मामीनेच सगळ्यांना बजावलं होतं. आणि ती हळद घेऊ लागली. सकाळी ओल्या हळदीचा ठेचा मधातून, रात्री दुधातून, वर मिरपूड. आठ महिने.

दिवाळीला गेले तेव्हा तिचा डावा हात सुजलेला होता. दुसऱ्याच दिवशी मामा आणि मी तिला मिरजेला घेऊन गेलो. डॉक्टरांनी काखेत बोटं फिरवली, जुने रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "मधले आठ महिने काय घेत होता?" मामीने पिशवीतून स्टीलचा चपटा डबा काढला. त्यात रेशनकार्ड, मामाचा पासबुक आणि घडी घालून ठेवलेलं ते कात्रण. तिने ते उलगडून, सुरकुत्या हाताने सरळ करून डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी पूर्ण वाचलं. फोटोवर बोट ठेवून विचारलं, "या कोण?"

"ही काय," मामी म्हणाली. "आमची भाची." तिच्या आवाजात केवढा अभिमान होता.

डॉक्टर मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कात्रणाची घडी पुन्हा तशीच घातली आणि डब्यात ठेवली.

आता हिशेब सांगते, जो मी बातमीदाराला सांगायला हवा होता. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. माणसांना रोज आठ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊन पाहिलंय, म्हणजे पाव किलोहून जास्त हळदीतलं. तरी त्यांच्या रक्तात ते दोन मायक्रोमोलरलाही पोचलं नाही. माझ्या पेशी वीसला मरत होत्या. आतड्यात ते नीट शोषलं जात नाही आणि जे जातं त्याचं यकृत लगेच रूप बदलून टाकतं. मिऱ्याने शोषण वाढतं हे खरं, 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी ते मोजलंय, पण जिथे मुळात जवळपास काहीच नाही तिथे ते वाढून तरी किती होणार? शिवाय कर्क्युमिन नाना प्रथिनांना चिकटतं, स्वतःच चमकतं आणि मोजणाऱ्या यंत्राला फसवतं. प्रयोगशाळेत त्याचा गुण कुठल्याही चाचणीत दिसतो, आणि आम्ही त्यालाच गुण समजत होतो. 2017 साली अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांनी 120 हून अधिक मानवी चाचण्यांचा आढावा घेतला. खरं औषध कोणाला आणि नुसती गोळी कोणाला, हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही ठाऊक नसेल अशा कसोटीवर कर्क्युमिन एकदाही नीट उतरलेलं त्यांना दिसलं नाही.

तेव्हाची मी इथे मध्ये बोलते. "मी खोटं बोलले नव्हते. पेशी मेल्याच होत्या." हो, मेल्या होत्या. प्लेटमध्ये. हा एक शब्द तू गाळलास. "पण मामीने पैशांच्या धास्तीने टाळलं असेल, ऑपरेशनच्या भीतीने टाळलं असेल." असेलही. कात्रण नसतं तर ती मार्चमध्येच टेबलावर गेली असती का, हे मला आजही सांगता येत नाही. मामाला विचारायची हिंमत झाली नाही.

आणि मी झाडपाल्याला नावं ठेवते असं कृपा करून म्हणू नका. अंगणातल्या सदाफुलीतून विन्क्रिस्टिन निघालं, रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना ते आजही देतात. मामीला केमोत पॅक्लिटॅक्सेल लागलं. तेही झाडाचंच. 1962 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या जंगलात पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली गेली. तिच्यातला नेमका रेणू मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी वेगळा काढला. वाणी आपल्या नंदुरबारचे. त्या रेणूची रचना 1971 साली छापून आली, औषध म्हणून मान्यता मिळाली 1992 साली. तीस वर्षं. पेशी मेल्या त्या दिवशी कोणी साल उकळून प्यायला सांगितलं नाही. प्यायली असती तर माणसं मेली असती, ते झाड विषारी आहे.

सलाईनच्या स्टँडला बाटली लावलेली असताना हे सगळं मी मामीला सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "मग हे झाडाचंच होतं तर तू आधी का नाही सांगितलंस? मी घेतलं असतं की."

मामी त्यानंतर तीन वर्षं होती. आठ महिने आधी आली असती तर किती, हे मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, तेही कळलं नाही.

परवा एका गृहस्थांचा फोन आला. पत्नीला गाठ आहे, कोणीतरी माझा नंबर दिला. हळदीच्या जादा ताकदीच्या गोळ्या सुरू करू का, विचारत होते. मी आधी ऑपरेशनची तारीख विचारली. गोळ्या नकोत, अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि काही घ्यायचंच तर आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं. "आणि भाजीतली हळद?" भाजीतली घाला, म्हटलं, जन्मभर घालतोय तशी. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग "बरं" म्हणाले. पटलं की नाही ते आवाजावरून कळलं नाही.

तारीख गुरुवारची आहे. बुधवारी मीच त्यांना फोन करणार आहे.