डावीकडे अडीच सेंटिमीटर: जर्मनीतल्या नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र

जर्मनीत व्यावसायिक पत्र कसं मांडावं याचं एक प्रमाण ठरलेलं आहे, डीआयएन ५००८. डावा समास २.५ सेंटिमीटर, उजवा २. विषयाची ओळ ठळक, पण तिच्याआधी ‘बेट्रेफ’, म्हणजे आपला ‘विषय:’, हा शब्द लिहायचा नाही आणि शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही. मायन्यानंतर स्वल्पविराम, एक ओळ मोकळी, आणि पुढचं वाक्य छोट्या अक्षराने सुरू. शेवटच्या ‘मिट फ्रॉइन्डलिशेन ग्र्यूसन’पुढे, म्हणजे आपल्या ‘आपला नम्र’पुढे, स्वल्पविराम नाही. इंग्रजी पत्रांच्या सवयीने आपल्याकडून तो हमखास पडतो.

हा कायदा नाही, दंडही नाही. पण इथे बहुतेकांना हा साचा अंगवळणी पडलेला आहे, त्यामुळे चुकलेला स्वल्पविराम मजकुराआधी डोळ्यांत भरतो. एवढ्यावरून माणूस तोलावा हे मला आजही पटत नाही. मात्र साच्याला घाबरायचं आपल्याला काही कारण नाही. पत्ता, मायना, विषय, समारोप यांचे गुण शाळेत मोजून मिळवलेली माणसं आपण. फक्त ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे वळण घरी ठेवून यायचं. ‘याद्वारे मी अर्ज करत आहे’ या अर्थाचं जर्मन वाक्य म्हणजे तेच वळण. अर्ज कशासाठी आहे ते विषयाच्या ओळीत आलेलंच असतं, मग पहिलं वाक्य त्यावर कशाला खर्च करायचं?

ते वाक्य जाहिरातीतून उचला. जाहिरातीत साधारण दोन भाग असतात: काम काय आणि उमेदवार कसा हवा. दुसऱ्या भागातले शब्द नीट वाचा. ‘फॉन फोरटाइल’ किंवा ‘व्युनशेन्सवेर्ट’ लिहिलेलं असेल तर ती गोष्ट असल्यास बरी, नसल्यास अडत नाही. ती तुमच्याकडे नसेल तर पत्रात तिचं नावही काढू नका. आपण नेमकं तिथेच ‘मला अमुक येत नाही, पण शिकण्याची तयारी आहे’ असं लिहितो आणि उणीव आपल्याच हाताने अधोरेखित करतो. पहिल्या भागातली सर्वांत वजनदार तीन कामं निवडा आणि प्रत्येकासमोर तुम्ही केलेलं तसंच काम दोन ओळींत ठेवा. ‘मी मेहनती आणि संघभावनेचा आहे’ यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. ‘तीन गोदामांचा साठा सॅप या संगणक प्रणालीत आणला, महिनाअखेरची मोजणी चार दिवसांवरून दीड दिवसावर आली’ यातून कळतं.

इथे आपली एक सवय आड येते. आपण ‘आम्ही केलं’ असं लिहितो. त्याला आत्मविश्वासाचा अभाव म्हणणं मला मान्य नाही. काम खरोखर सगळ्यांनी मिळून केलेलं असतं आणि ते तसं सांगणं हा प्रामाणिकपणा आहे. पण पत्र वाचणाऱ्याला एकाच माणसाला घ्यायचं असतं, आणि ‘आम्ही’मध्ये तो माणूस त्याला सापडत नाही. म्हणून वाक्याचे दोन तुकडे करा: ‘सहा जणांच्या टीममध्ये चाचणीची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यातल्या या भागाची आखणी मी केली.’ श्रेय कुणाचं लाटलं नाही आणि स्वतःचं सोडलंही नाही. शेवटच्या वाक्याचंही तेच. ‘भेट झाल्यास आनंद होईल’ या अर्थाचं ‘व्युर्डे’ (इंग्रजीतलं ‘वुड’) घातलेलं क्रियापद आपल्याला नम्र वाटतं, इथे ते डळमळीत वाचलं जातं. ‘इश फ्रॉये मिश’, म्हणजे ‘मला आनंद आहे’, असं सरळ लिहा. त्यात उद्धटपणा नाही.

‘हीच कंपनी का’ हा परिच्छेद लहान ठेवा, पण वगळू नका. जर्मनीतल्या कितीतरी मध्यम आकाराच्या चांगल्या कंपन्या छोट्या गावांत आहेत. परदेशातून येणारा माणूस तिथे टिकेल का, ही शंका त्यांच्या मनात असते. त्यावर एक खरी ओळ लिहिली, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या चार स्तुतिवाक्यांपेक्षा ती जास्त उपयोगी पडते.

जाहिरातीत ‘गेहाल्ट्सफोरश्टेलुंग’ विचारलं असेल तर अपेक्षित पगाराचा आकडा द्यावाच लागतो: वर्षाचा, करकपातीआधीचा, युरोमध्ये. हातात किती पडावा ते लिहू नका. तो आकडा तुमच्या करवर्गावर, म्हणजे लग्न झालंय की नाही यावरही, बदलतो. सध्याच्या रुपयांतल्या पगाराला विनिमय दर लावून मागणी ठरवणं ही सर्वांत महाग चूक. ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी माणसाला नोकरीसाठी मिळणाऱ्या निवास परवान्यासाठी, किमान पगाराची मर्यादा असते, ती दरवर्षी बदलते. तुमचा आकडा तिच्याखाली गेला तर ब्लू कार्डची वाट तिथेच बंद होते.

रुजू होण्याची तारीखही खरी द्या. इथल्या कायद्यातला मूळ नोटीस काळ चार आठवड्यांचा, १५ तारखेला किंवा महिनाअखेरीला संपणारा. आपल्याकडे तो बऱ्याचदा ९० दिवसांचा असतो, वर व्हिसाचा वेळ. ‘लगेच रुजू होऊ शकतो’ हे वाचणाऱ्याला लगेच खोटं वाटतं.

जाहिरात इंग्रजीत असेल तर पत्र इंग्रजीत. तुमचं जर्मन बी१, म्हणजे मध्यम पातळीचं, असेल तर बी१ लिहा; उसन्या जर्मनमधलं निर्दोष पत्र मुलाखतीच्या दुसऱ्या मिनिटाला उघडं पडतं. पत्र मागितलंच नसेल तर जोडू नका. डॉइचे बान या जर्मन रेल्वे कंपनीनेही २०१८ मध्ये शिकाऊ उमेदवारांसाठी त्याची अट काढून टाकली.

सगळं एका ए४ पानात बसवा आणि पत्र, लेबेन्सलाउफ (बायोडेटा), प्रमाणपत्रं या क्रमाने एकच पीडीएफ करा. पाठवण्याआधी मागच्या अर्जातलं कंपनीचं नाव चार जागी शोधा: पत्त्यात, मायन्याखालच्या पहिल्या वाक्यात, शेवटच्या परिच्छेदात आणि फाइलच्या नावात. ते बहुधा फाइलच्या नावातच राहून गेलेलं असतं.