दोन नंबर फाटक

क्वालालंपूरला एका वृत्तसंस्थेसाठी मी कॅमेरा चालवतो. नोव्हेंबर २०२२च्या निवडणुकीनंतर आमचा मुक्काम इस्ताना नगारा, म्हणजे राजवाड्याच्या दोन नंबर फाटकाबाहेर होता. १९ तारखेला मतदान झालं आणि २२२ जागांच्या संसदेत बहुमत कुणालाच मिळालं नाही. अन्वर इब्राहिम यांच्या आघाडीला ८२, मुहिद्दीन यासीन यांच्या आघाडीला ७३, बारिसान नॅशनल या तिसऱ्या आघाडीला ३०. मलेशियानं अशी त्रिशंकू संसद पूर्वी पाहिली नव्हती.

आकड्यांपेक्षा धास्ती होती ती टिकटॉकवरच्या व्हिडिओंची. १३ मे १९६९ला, निवडणुकीपाठोपाठच, मलय आणि चिनी वंशाच्या लोकांत दंगल पेटली होती. तिची दमदाटीच्या सुरात आठवण करून देणारे व्हिडिओ फिरू लागले, तेव्हा पोलिसांना ताकीद द्यावी लागली. आमच्यासोबत आवाजाचं काम करणारे चिनी अंकल त्या दंगलीच्या वेळी शाळकरी पोर होते. त्यांनी एक व्हिडिओ मला अर्धाच दाखवला आणि फोन खिशात टाकला. म्हणाले, "बायकोला सांगितलंय, तांदूळ आणि गॅस भरून ठेव." बूम माइकवरचं पावसाचं पाणी पुसत बसले, पुढे काही बोलले नाहीत.

मंगळवारी, २२ तारखेला, राजांनी अन्वर आणि मुहिद्दीन या दोघांनाही राजवाड्यावर बोलावून घेतलं. दोघांनी मिळून सरकार बनवावं असं त्यांनी सुचवलं. मुहिद्दीन यांनी नकार दिला. इथला राजा पाच वर्षांचा असतो, नऊ राज्यांच्या वंशपरंपरागत शासकांत, बहुतेक सुलतानांत, ते पद आळीपाळीनं फिरतं. तो कुणालाही कुणासोबत बसायला भाग पाडू शकत नाही. घटनेचं ४३वं कलम त्याला एवढंच देतं: ज्याच्यामागे बहुमत असेल असं त्याला वाटतं, त्या खासदाराला पंतप्रधान नेमायचं.

त्याच दिवशी तेव्हाचे राजे सुलतान अब्दुल्ला फाटकाबाहेर आमच्याशी बोलले. मला लवकरच निर्णय घेऊ द्या, आणि जो होईल तो लोकांनी मान्य करावा, असा बोलण्याचा आशय. सन २०२०च्या फेब्रुवारीतल्या पेचात याच राजांनी ताटकळलेल्या पत्रकारांना बर्गर वाटले होते, त्याची बातमी जगभर झाली. मला मात्र ही दोन वाक्यं जास्त मोलाची वाटतात. तेव्हा सगळे पुढारी आपापल्या लोकांशी बोलत होते. सगळ्यांशी एकदम बोलणारा माणूस एकच होता, आणि त्याला मतं मागायची नव्हती.

बुधवारी बारिसान आणि सारावाक राज्यातल्या आघाडीच्या नेत्यांना बोलावणं गेलं. गुरुवारी राज्यांच्या शासकांची खास बैठक झाली. दुपारी राजवाड्याचं निवेदन आलं: पंतप्रधान अन्वर. त्यातलं एक वाक्य अंकलनी दोनदा वाचलं. जिंकणाऱ्यांनी सगळंच जिंकलेलं नाही, हरणाऱ्यांनी सगळंच गमावलेलं नाही, अशा अर्थाचं. हरलेल्याला मान खाली न घालता घरी जाता यावं, म्हणून ते घातलं असावं असं मला वाटतं. विजयी नेत्यानं हेच म्हटलं असतं, तर ते जखमेवर मीठ झालं असतं.

पाच वाजता शपथविधी झाला. मुहिद्दीन यांनी संध्याकाळी पत्रकार परिषद घेऊन अन्वर यांना बहुमत सिद्ध करायचं आव्हान दिलं. आव्हान कडकच होतं, पण ते संसदेतल्या मोजणीचं होतं. १९ डिसेंबरला संसदेच्या कनिष्ठ सभागृहात विश्वासठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला.