आखाजी झाली, रोप हिरवं आहे

आज आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. लिंबाचा झोका अजून सोडलेला नाही. ताईची पोरं झोक्यावरून उतरली की थेट सफरचंदाच्या रोपापाशी जातात आणि पानं मोजतात. काल एकोणीस होती, आज एकवीस म्हणे. मोजण्यातच घोळ असेल, पण मला बरं वाटलं.

जानेवारीत आलं तेव्हा ते रोप नव्हतंच, काडी होती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली उघडी मुळं आणि वर अंगठ्याएवढा जाड, बिनपानांचा दांडा. रात्रभर मुळं बादलीत भिजवली. सकाळी बांधावरून आप्पांनी विचारलं, "काय रे भाऊ, तुले येड लागनं का? आठे अमळनेरमा सफरचंद?"

मी माहिती झाडली. काश्मिरी सफरचंदाला ७ अंशांखालच्या थंडीचे हजारेक तास लागतात, तेवढे मिळाले नाहीत तर डोळे नीट फुटत नाहीत. हे मात्र एचआरएमएन-९९ जातीचं, हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी काढलेलं, त्याला तेवढी थंडी लागत नाही. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्रीही मिळाली. आप्पांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "फूल ई रे, पन पानी कोठे जाई?"

दोन बाय दोन फुटांचा खड्डा तयारच होता. त्यात चार बादल्या ओतून बघितल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला वीतभर पाणी तसंच. भोवती चिकट काळी माती आणि आत भुसभुशीत भर, म्हणजे खड्ड्याचा माठ झाला असता आणि मुळं कुजली असती. खड्डा बुजवला. तीच माती मुरूम मिसळून दीड फूट उंच ओट्यासारखी रचली आणि त्यावर रोप लावलं. शेणखत वरून, तेही चांगलं कुजलेलं. कच्च्यानं वाळवी लागते.

एवढं करूनही चुकलोच. रोप हलू नये म्हणून कलमाचा जोडसुद्धा मातीत पुरला. आठवड्यानं ध्यानात आलं. जोड पुरला की वरच्या भागालाच मुळं फुटतात, मग खालचा मुळांचा खुंट निवडून काय उपयोग? हातानं माती उकरत जोड चार बोटं वर मोकळा केला.

फेब्रुवारीत दोन गुलाबी कळ्या आल्या. घरातल्या सगळ्यांनी येऊन पाहिल्या. मी खुडल्या. पहिल्या वर्षी झाडानं मुळं धरावीत, फळं नाही, हे आईला पटलं नाही. दोन दिवस जेवायला वाढताना गप्प होती.

आता पारा ४२ अंशांवर. खोडाला चुना लावलाय. पश्चिमेला हिरवी नेट आहे. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून वाळलेली केळीची पानं पसरलीत. गेल्या आठवड्यात ऊन बघून घाबरलो आणि रोज बादली ओतली. खालची पानं पिवळी पडली, तेव्हा हात आवरला. आता मातीत बोट घालतो. दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी.

दुपारी ताई निघाली. खापराच्या पोळ्यांचा डबा पिशवीत ठेवला आणि तांब्यातलं उरलेलं पाणी रोपाला घालायला वाकली. मी बोट घालून बघितलं.

"आज नको ताई, परवा."

तिनं पाणी तुळशीला घातलं.