गुरुवार डन

खराडीतल्या ज्या कॉल सेंटरमध्ये मी व्हॉइस ट्रेनर आहे, तिथे दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला कॅलिब्रेशन असतं. एकच रेकॉर्डिंग सगळ्यांनी ऐकायचं, आपापलं गुणांचं पत्रक भरायचं आणि मग कुणाचे गुण कुठे वेगळे पडले यावर भांडायचं. इकडून क्वालिटीचे दोघं, टीम लीड आणि मी. स्क्रीनवर क्लायंटच्या बाजूचे दोन अमेरिकन, एक बाई आणि एक पुरुष. उन्हाळ्यात तिकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. त्यांच्या हातात कॉफी आणि आमच्या हातात वडापाव.

त्या बुधवारचा कॉल चार मिनिटं चाळीस सेकंदांचा, कपडे वाळवायच्या मशीनच्या दुरुस्तीचा. कॉल घेणारी मुलगी बार्शीची, ट्रेनिंग संपवून फ्लोअरवर जाऊन तिला पाच महिने झालेले. तिने मेकॅनिकसाठी दोन दिवस सुचवले, गुरुवार किंवा सोमवार. बोलणं झालं, तिने गुरुवारची नोंद केली. गुरुवारी मेकॅनिक गेला तर दाराला कुलूप. फुकट फेरीचे पैसे ग्राहकबाईंच्या बिलात लागले आणि त्यांचा फोन आला, की मी गुरुवारला स्पष्ट नाही म्हटलं होतं. मुलीच्या नोंदीत मात्र लिहिलेलं, ‘गुरुवार, ग्राहकाचा होकार’.

पत्रकं उघडली. क्वालिटीच्या मुलाने अकरा ‘सो’ आणि चार ‘लाइक’ मोजले होते. (हा मुलगा स्वतः ‘बेसिकली’ म्हटल्याशिवाय जेवायला चला असंही म्हणत नाही.) टीम लीडने एमटीआयचे, म्हणजे मातृभाषेच्या छापाचे गुण कापले होते, ‘विल’ आणि ‘व्हेरी’ मुलीने एकाच ‘व’ने म्हटले म्हणून. आणि स्क्रीनवरच्या बाईंचं म्हणणं, मुलीचं प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं वर जातं आणि वाक्याचा शेवट घशात खरखरतो. हे सांगताना त्यांचाही प्रत्येक शेवट घशात खरखरत होता, हे खोलीतल्या चौघांनाही ऐकू आलं आणि चौघांनीही वहीत बघितलं.

या तक्रारी खोट्या नव्हत्या. ‘व’चं तर अगदी खरं. आपला मराठी ‘व’ दोन्हींच्या मधला. खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण घासत नाही. लिहितानाही आपण ‘व्हिडिओ’ आणि ‘व्हॉट’ एकाच व्हने लिहितो, मग जिभेला काय दोष द्यायचा? ‘व्हेरी’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आवाज गुणगुणवावा लागतो. ‘विल’साठी दातांचा संबंधच नाही, शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू. चार दिवसांत येतं. पण पाचव्या दिवशी मुलं सगळ्याच ‘व’ना चंबू करायला लागतात, ते निस्तरायला आणखी दोन दिवस. आमच्या सात दिवसांच्या ट्रेनिंगमधले बहुतेक दिवस यातच जातात, कारण क्लायंटला हा फरक कानांनी मोजता येतो.

वाक्य वर नेण्याची सवय मुलांना इथल्या शाळेत लागलेली नाही. ती कानात वायर घालून ऐकलेल्या पॉडकास्टमधून येते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ती कित्येक दशकं जुनी आहे, अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मुलींच्या नावावर खपते. तिथे त्या चढत्या सुराचा अर्थ बहुतेक वेळा ‘ऐकताय ना, पुढे बोलू?’ एवढाच असतो. आपल्या कानाला तो जास्त टोचतो, कारण मराठीत नुसत्या सुरावर प्रश्न होतो. ‘तू जेवलीस.’ आणि ‘तू जेवलीस?’ यात दुसरा काही फरकच नाही.

खरखरीला फ्राय म्हणतात. स्वरतंतू सैल पडले आणि खालून येणारी हवा कमी झाली की ते एकसंध थरथरत नाहीत, सुटे सुटे ठोके देतात. बाईमाणसाच्या नेहमीच्या बोलण्यात ते सेकंदाला साधारण २०० वेळा उघडमीट करतात, फ्रायमध्ये २० ते ७० वेळा. मोहरी तडतडावी तसे ठोके वेगवेगळे ऐकू येतात. वाक्याच्या शेवटाला हवा संपत आलेली असते, म्हणून तो तिथेच जास्त. २०११ साली न्यू यॉर्कच्या लाँग आयलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी ३४ तरुणींना वाक्यं वाचायला लावली तर दोन तृतीयांश जणींच्या वाचनात तो सापडला, आणि तिकडे गहजब झाला. चौतीस मुलींवरून! पुरुषांचे आवाज रोज खरखरतात, त्यावर कुणी अग्रलेख लिहीत नाही.

‘सो’ म्हणजे आपलं ‘तर’. ‘लाइक’ म्हणजे आपलं ‘म्हणजे’. पेठेतल्या कुठल्याही काकांचे ‘म्हणजे’ मोजून बघा, अकरावर थांबणार नाहीत. ‘अं’लाही काम असतं. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवलं की इंग्रजीत नुसता ‘अ’ आला तर पुढची थांबण्याची वेळ छोटी असते, ‘अम’ आला तर मोठी. ऐकणाऱ्याला त्यातून कळतं की थांबायचं किती. आमच्या पत्रकात दोन्हीला उणे एक.

कान किटतात हे मान्य. अमेरिकन तरुण ‘बटन’चे ‘बऽ’ आणि ‘इन’ असे दोन तुकडे करून मध्ये घसा आवळतात तेव्हा माझाही हात हेडफोन काढायला जातो. पण मेकॅनिक कुलूपबंद दारापाशी का गेला, याचं उत्तर यात कुठेच नव्हतं. अठ्ठावीस ओळींच्या पत्रकात ‘कॉलच्या शेवटी उजळणी केली का?’ या ओळीपुढेही सगळ्यांची बरोबरची खूण होती.

दोन मिनिटं बारा सेकंदांपाशी ग्राहकबाई म्हणतात ते वाक्य मी चार वेळा लावलं आणि सगळ्यांना विचारलं, होकार की नकार? आपल्या चौघांपैकी तिघं म्हणाले होकार. स्क्रीनवरचे दोघं एका दमात म्हणाले नकार, आणि यात विचारण्यासारखं काय आहे अशा चेहऱ्याने बघत राहिले.

वाक्य होतं ‘आय कान्ट डू थर्झडे’. शाळेत आपण ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ शिकतो, म्हणजे ब्रिटिश तऱ्हा. तिथे स्वरच वेगळा, गोंधळ होत नाही. अमेरिकनांचा स्वर दोन्हींत एकच, आणि शेवटचा ‘ट’ ते सोडतच नाहीत. जीभ ‘ट’च्या जागी जाऊन बसते आणि त्याच वेळी घसा क्षणभर मिटतो. लहान मुलाला नको म्हणताना तोंड मिटून आपण ‘अंऽअं’ करतो, त्या दोन ‘अं’च्या मधला खटका, तोच हा. पुढे ‘डू’चा ‘ड’ आला की खटकासुद्धा त्यात विरतो. शिवाय मध्ये फोन. साध्या लाइनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो आणि ‘स’ची शीळ किंवा ‘ट’चा फटका यांचा बराचसा जोर त्याच्या वर असतो. एफ आणि एस फोनवर सारखे वाटतात ते याचमुळे, आणि अक्षर सांगताना एफसाठी ‘फॉक्सट्रॉट’, एससाठी ‘सिएरा’ घोकून घ्यावे लागतात तेही याचमुळे. बाईंनी ‘ट’ ठणठणीत म्हटला असता तरी पुण्यापर्यंत अर्धाच पोचला असता.

मग अमेरिकनांना कसं कळतं? ते ‘ट’ शोधतच नाहीत. होकार असेल तर ‘कॅन’ चिरडला जातो, ‘क्न’ एवढाच उरतो आणि वजन क्रियापदावर पडतं. ‘आय क्न डू थर्झडे.’ नकार असेल तर वजन त्याच शब्दावर येतं, स्वर लांबतो, नाकातून जरा ‘केअन’ असा होतो. ‘आय केऽअन डू थर्झडे.’ म्हणजे ‘कॅन’ जितका स्पष्ट, तितका नकार पक्का. आपल्या कानाला हे उलटं. मराठीत नकाराला स्वतःचा शब्द आहे आणि तो शेवटी ठणकावून येतो. घाईत ‘नाही’चं ‘नै’ होईल, पण ते कुणी गिळत नाही. पुण्यात तर त्यालाच जास्त जोर.

बार्शीच्या मुलीने भरदार ‘केऽअन’ ऐकला आणि होकार समजली. पुढे तिने केलेली उजळणी अशी: ‘सो थर्झडे इज डन?’ आपल्याकडे ‘डन’ म्हणजे ठरलं, टाळी दे. तिकडे ‘थर्झडे इज डन’ म्हणजे गुरुवार संपला, तो विषय मिटला. बाई म्हणाल्या, ‘राइट.’ मग म्हणाल्या, कळवाल ना? मुलगी म्हणाली, हो, मेसेज येईल. एकीला वाटलं सोमवारचं कळवणार, दुसरीला वाटलं गुरुवारची वेळ कळवायची. दोघी खूश होऊन फोन ठेवतात.

मीटिंगमध्ये याची ओळ सापडेना. शेवटी ‘लक्षपूर्वक ऐकले नाही’ या सदरात टाकून कॉल फेटल केला, म्हणजे शून्य. फ्रायचे आणि ‘व’चे गुण कापलेले तसेच राहिले.

माझ्या दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या स्लाइडवर तीन वर्षं लिहिलेलं होतं: ‘प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारा, गिळू नका.’ ते शिकून मुलं अमेरिकन ग्राहकाला होकार देताना ‘वी कॅन डू थर्झडे’ इतकं खणखणीत म्हणतात की समोरच्याला नकार ऐकू यावा. आणि स्वतः ऐकतानाही त्याच मापाने ऐकतात. हल्ली बोलणाऱ्याचा उच्चार जागच्या जागी अमेरिकन करून देणारी सॉफ्टवेअर्स निघाली आहेत. ती मुलीचा ‘व’ सरळ करतील, कान कुणाचा बदलणार?

ती स्लाइड काढली. आता वीस छोटी वाक्यं लावते, दहा होकाराची, दहा नकाराची, सगळी अमेरिकन आवाजात आणि फोनच्या पट्टीत कापलेली. मुलांनी होकार-नकार लिहायचाच नाही. दोन अंगठ्यांत रबर बँड धरायचं आणि ज्या शब्दावर वजन पडेल तिथे ताणायचं. ‘डू’वर ताणलं तर होकार, ‘कॅन’वर ताणलं तर नकार. पहिल्या फेरीत वीसपैकी दहा-अकरा बरोबर येतात, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. तिसऱ्या दिवशी सोळा-सतरा. क्रियापद ‘टेक’ किंवा ‘टॉक’ असलं की मात्र गाडी पुन्हा अडते, कारण पुढच्या ‘ट’चा फटका मुलं ‘कान्ट’च्या नावावर जमा करतात आणि होकारालाही नकार समजतात. बोलताना ‘कान्ट’ वापरायचाच नाही, ‘वोन्ट बी एबल टू’ म्हणायचं. होकाराला ‘थर्झडे वर्क्स’. उजळणी करताना हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न नको. कोणता दिवस लिहून घेऊ, असं विचारायचं आणि दिवसाचं नाव ग्राहकाच्या तोंडून घ्यायचं. याने कॉल आठ-दहा सेकंदांनी लांबतो. टीम लीडने त्या सेकंदांबद्दल दोनदा मेल केली आहे.

मुलीला रेकॉर्डिंग ऐकवलं. तिला आता नकार ऐकू आला. पण ती म्हणाली, “मॅम, मी विचारलं ना त्यांना? त्या राइट म्हणाल्या.”

म्हणून तो ‘राइट’ प्राटमध्ये उघडला. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं हे फुकट सॉफ्टवेअर आवाजाचा चढउतार रेघेने दाखवतं. सूर खाली गेला असेल तर बाईंनी मान डोलावली. वर गेला असेल तर त्याही विचारत होत्या, बरोबर ना? आणि मग मुलीने उत्तर द्यायला हवं होतं. ‘केऽअन’ची रेघ सुरेख आली, स्वर पावणेदोनशे मिलिसेकंदांचा. ‘राइट’पाशी रेघच नाही. बाईंचा आवाज तिथे पूर्ण फ्रायमध्ये गेलाय. सूर शोधायची खालची मर्यादा ७५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७५ ठोके, होती, ती ४० वर आणली तर तीन ठिपके उमटले, एक वर, दोन खाली, मध्ये मोकळी जागा. कान लावून ऐकलं की कधी प्रश्न वाटतो, कधी नाही.