पुसू नकोस

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि सगळ्यांत आधी आठवला तो चित्रकलेच्या सरांचा पसरलेला तळहात. तासाला वर्गात शिरताना आम्ही आपापले खोडरबर त्यावर ठेवायचो. तास संपला की परत मिळायचे.

आठवीत सरांनी आम्हाला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेलं. हातात 4बी पेन्सिल आणि सायक्लोस्टाइल केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे कागद. मी मयड्याची केळी विकणाऱ्या एका बाईसमोर बसलो. खिशात चोरून आणलेला रबर होता. नाक काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. कागद फाटायला आला. "पुता, चित्र काडटा जाल्यार केळीं घे," म्हणून ती हसली आणि गिऱ्हाईक आलं तशी पाठमोरी झाली. नाक गेलंच! मागे सर उभे. "पुसू नकोस रे. चुकलेली रेघ राहू दे, तिच्या शेजारी दुसरी मार. ती बसलीय कशी ते बघ आधी."

नव्या कागदावर खांद्यापासून टाचेपर्यंत एकच रेघ ओढली. सगळा भार डाव्या टाचेवर, उजवा हात घडाकडे. तीनेक मिनिटं लागली असतील. चेहरा काढलाच नाही. सरांनी ते चित्र जलरंगातल्या निसर्गचित्रांच्या रांगेत लावलं. अर्धवट का लावलंत, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, "पूर्ण झालंय ते. आणखी एक रेघ घातली तर बाई उठून जाईल."

पुढे पणजीला आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात शिकलो. आज चित्रकलेवरच माझं घर चालतं, गेल्या वर्षी मुंबईत प्रदर्शनही झालं. लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या 1949 ते 1951 च्या चित्रमय रोजनिश्या पाहिल्या, तेव्हाही सरच आठवले. तैलचित्रात चूक झाली तर वर थर चढवता येतो. झटपट रेखाटनात मात्र आपण काय पाहिलं आणि काय नुसतं गृहीत धरलं, ते लगेच कळतं. त्याला कुणी कच्चं काम म्हटलं की मला अजून राग येतो. आता बाजारात मुलं मोबाइलवर फोटो काढतात आणि पुढे जातात. तीन मिनिटं कुणासमोर बसत नाहीत, याचं वाईट वाटतं.

ते चित्र माझ्याकडे आहे. सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात लावणार असाल तर घेऊन येतो. फक्त काचेत घालू नका, दोरीला चिमट्याने अडकवा. मागच्या बाजूला सहामाहीचा भूगोलाचा पेपर आहे आणि कोपऱ्यात सरांच्या अक्षरात त्या शुक्रवारची तारीख.