फार्महाऊसचा पूल, भाग ३: सॉल्ट क्लोरिनेटर ठरला, २५ ग्रॅमवाला

मंडळी, सॉल्ट क्लोरिनेटर, म्हणजे पूलच्या पाण्यात मीठ टाकून त्यापासून विजेने क्लोरीन बनवणारं मशीन, फायनल झाला. तासाला २५ ग्रॅम क्लोरीन काढणारा घेतोय. दुकानदार शेवटपर्यंत सांगत होता की साहेब पंधरावाला भरपूर झाला, बॉक्सवरच लिहिलंय बघा ५० हजार लिटर.

हा लिटरचा आकडा बघून मशीन घेऊ नका, कळकळीने सांगतो. आमचा पूल ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.४, म्हणजे ४५ हजार लिटर धरा. एवढ्या पाण्यात १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) क्लोरीन वाढवायला ४५ ग्रॅम लागतं. पुण्याजवळच्या मुळशीच्या एप्रिल-मेच्या उन्हात स्टॅबिलायझर (उन्हापासून क्लोरीन वाचवणारं सायन्युरिक ॲसिड, म्हणजे सीवायए) असूनही दिवसाला ३ पीपीएम उडतं असं धरून चाललोय, झाले १३५ ग्रॅम. पंप चालतो ८ तास. पंधरावाला आठ तास फुल्ल चालून १२० देणार, म्हणजे रोज थोडं थोडं कमीच पडणार आणि सुट्टीत भाचे कंपनी उतरली की पाणी हिरवं व्हायला वेळ नाही लागत. २५ वाला ७० टक्क्यांवर ठेवला की १४० मिळतात, वर पाहुण्यांसाठी शिल्लक. शिवाय सेलचं, म्हणजे ज्या भागात प्लेटांवर क्लोरीन बनतं त्याचं, आयुष्य तासांत मोजतात, साधारण ८ ते १० हजार, आणि ७० टक्के म्हणजे प्लेटा तेवढाच वेळ चालू, त्यामुळे सेल जास्त दिवस टिकतो.

अमेरिकन मशीन बघत असाल तर तिकडे पौंड प्रति दिवस लिहितात आणि तो दिवस २४ तासांचा. हेवर्डचा टी-१५ सेल १.४७ पौंडाचा, म्हणजे ६६७ ग्रॅम, पण तासावर आणलं की जेमतेम २८.

मिठाकडे वळायचं कारण म्हणजे टीसीसीए, म्हणजे पूलमध्ये टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या. त्यातून १० पीपीएम क्लोरीन घातलं की सोबत ६ पीपीएम सीवायए जातं आणि ते उन्हाने उडत नाही, साठतच राहतं, फार झालं की क्लोरीनचा जोर मारतं, मग क्लोरीन असून नसल्यासारखं. ब्लीचिंग पावडर घ्यावी तर ती कॅल्शियम वाढवते, आणि आमच्या बोअरचं पाणी आधीच जड.

खरा घोर या जड पाण्याचाच होता. सेलमधल्या ज्या प्लेटवर हायड्रोजन निघतो तिथे पीएच चढतो आणि क्षाराचा पांढरा थर धरतो. मशीन ठरावीक तासांनी पोलॅरिटी (प्लेटांचे प्लस-मायनस) उलटी करून तो झाडतं, पण पाण्यातच कॅल्शियम जास्त असेल तर ते पुरत नाही, मग पातळ ॲसिडने धुवा, आणि दरवेळी टायटॅनियमवरचं रुथेनियमचं कोटिंग थोडं झिजतं. म्हणून पोलॅरिटीची वेळ बदलता येणारं आणि सेल पारदर्शक असलेलं मॉडेल निवडलं, थर बाहेरूनच दिसतो. मे मध्ये हार्डनेस (पाण्याचा जडपणा) ४८० होता. या पावसाळ्यात पूल मुद्दाम उघडा ठेवला, मुळशीचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, पूल वाहून वाहून हार्डनेस २६० वर आलाय! मीठ आधी टाकलं असतं तर तेही सगळं वाहून गेलं असतं, म्हणून आता दसऱ्यानंतरच टाकणार.

पाण्यात आत्ता ४०० पीपीएम मीठ आहे, हवंय ३२००, म्हणजे १२६ किलो. आयोडीन नसलेलं शुद्ध मीठच घेणार. सगळं विरघळेपर्यंत पंप चालू आणि सेल बंद.

प्लंबरला सेल फिल्टरच्या पुढे, सगळ्यात शेवटी बसवायला सांगितलंय. वायरिंग पंपाच्या स्टार्टरमधूनच घेतोय, पंप बंद तर सेल बंद, शिवाय पाणी वाहतंय का ते बघणारा फ्लो स्विच वेगळा. यात काटकसर करू नका, पाणी थांबलं आणि सेल चालू राहिला तर पाइपात हायड्रोजन साठतो. आमच्याकडे लाईट दिवसातून दोनदा जाते, त्यामुळे टायमर बॅटरी बॅकअपवाला.

सेल चालला की पीएच सारखा वर जाणार, हायड्रोजनच्या बुडबुड्यांनी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो म्हणून, तर अल्कॅलिनिटी (पाण्यातलं बायकार्बोनेट) ७० च्या आसपास ठेवून ॲसिडचा डोस बघतो. बॅकवॉशचं (फिल्टर उलटा धुतल्याचं) पाणी आत्तापर्यंत चिकूंना सोडायचो, ते आता खारं होणार म्हणून बंद, वेगळी लाईन टाकतोय. शिडी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची आहे, ती चालेल.

राहिली काठाची शहाबादी फरशी. चुनखडीचा दगड, खारं पाणी त्यावर उडून वाळलं की पापुद्रे सुटतात, त्यामुळे मीठ टाकायच्या आधी सीलर मारायचाय. कुणी शहाबादीवर आत मुरणारा सीलर लावलाय का, आणि एका पावसाळ्यानंतर तो कितपत राहिला?